अंगारा गाडीत बसल्यावर: श्रद्धाळू घरात लग्न करणाऱ्या संशोधकांसाठी काही सूचना

विज्ञान हाच ज्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे आणि ज्यांचे लग्न वेगळ्या श्रद्धेच्या व्यक्तीशी ठरले आहे किंवा नुकतेच झाले आहे, अशा तरुण-तरुणींसाठी हा लेख आहे. मी स्वतः कपाशीवरील किडींचा अभ्यास करते आणि माझा देवावर विश्वास नाही. माझे पती माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत, शेगावच्या गजानन महाराजांचे भक्त आहेत आणि दर गुरुवारी उपवास करतात. आमच्या लग्नाला चौदा वर्षे झाली असून सासर वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात, कोरडवाहू कपाशी आणि तुरीच्या पट्ट्यात आहे. पुढे जे लिहिले आहे ते त्या घरात शिकलेले आहे, त्यामुळे नागपूर-अमरावतीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या जोडप्याला त्यातले काही लागू पडेल, तर काही मुळीच पडणार नाही.

लग्नाआधी काय सांगावे

आपल्याला काय पटते आणि काय पटत नाही, हे साखरपुड्याच्या आधी जोडीदाराला स्वतःच्या तोंडाने सांगावे. मध्यस्थ, मामा किंवा मैत्रीण यांच्याकडून निरोप पाठवू नये, कारण "मुलगी थोडी आधुनिक विचारांची आहे" असा निरोप पोचतो आणि त्यातून ऐकणाऱ्याला जे हवे तेच समजते. "मी देव मानत नाही" हे वाक्य पूर्ण बोलावे, आणि त्याला लागूनच आपण काय करू आणि काय करणार नाही, हेही सांगावे. मी सांगितले होते की मी आरतीला उभी राहीन, प्रसाद घेईन, पण नवस बोलणार नाही आणि वटसावित्रीचा उपवास धरणार नाही. ही यादी ऐकून त्यांना राग आला नाही. उलट देव न मानणे म्हणजे रोज कशावरून वाद होणार, हे त्यांना त्या यादीवरून प्रथमच कळले.

न सांगण्याचा सल्ला देणारे वडीलधारे प्रत्येकाला भेटतात. चार्ल्स डार्विन यांनाही तो मिळाला होता. एमा वेजवूड यांच्याशी लग्न करण्यापूर्वी, धर्माविषयीच्या शंका पत्नीपासून लपवून ठेव, असे त्यांच्या डॉक्टर वडिलांनी त्यांना बजावले होते, आणि डार्विन यांनी तो सल्ला न मानता सर्व काही एमाला सांगून टाकले. 29 जानेवारी 1839 रोजी त्यांचे लग्न झाले. त्यानंतर थोड्याच काळात एमाने त्यांना एक पत्र लिहिले. मृत्यूनंतर आपली ताटातूट होईल ही तिची भीती त्यात होती, आणि जे सिद्ध करता येत नाही ते मानायचेच नाही ही शास्त्रज्ञाची सवय विज्ञानाबाहेरच्या गोष्टींतही तुमच्या मनावर फार पगडा बसवत नसेल ना, असा प्रश्नही होता. डार्विन यांनी ते पत्र जन्मभर जपले आणि आपण अनेकदा त्याचे चुंबन घेऊन त्यावर रडलो आहोत, अशा आशयाची ओळ त्यावर लिहून ठेवली. दोघांचे मत शेवटपर्यंत जुळले नाही. डाउन गावी एमा मुलांना घेऊन चर्चमध्ये जात असे, तेव्हा डार्विन पुष्कळदा बाहेर फिरत राहात. तरीही 1844 मध्ये उत्क्रांतीवरचा आपला दीर्घ निबंध, आपण अचानक मेलो तर, छापून आणण्याची जबाबदारी त्यांनी सोपवली ती एमावरच, आणि त्यासाठी 400 पौंड बाजूला ठेवण्यास तिला लिहिले. ज्या मताने तिला दुःख होत होते ते मत जगापुढे आणण्याचे काम त्यांनी तिच्याच हाती दिले, ही गोष्ट मला त्या चर्चच्या बाहेर फिरण्यापेक्षा मोठी वाटते.

कागदोपत्री लग्न

दोघांचा जन्मधर्म एकच असेल आणि फरक केवळ मानण्या-न मानण्याचा असेल, तर कायद्याच्या दृष्टीने वेगळे काहीच करावे लागत नाही. नास्तिक हिंदूचे लग्न हिंदू विवाह कायदा, 1955 खाली होते आणि नोंदणी गावात ग्रामपंचायतीत करता येते. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू असल्याने, आपल्याकडे दिसणारा बौद्ध आणि हिंदू यांचा विवाहही त्याखाली होऊ शकतो. मात्र एक जण मुस्लिम, ख्रिस्ती किंवा पारशी असेल आणि कोणालाच धर्म बदलायचा नसेल, तर विशेष विवाह कायदा, 1954 हाच सरळ मार्ग आहे. कोणताही विधी करायचा नसलेले एकाच धर्माचे जोडपेही याच कायद्याखाली लग्न करू शकते.

या कायद्याखाली, दोघांपैकी किमान एक जण ज्या जिल्ह्यात आधीचे सलग 30 दिवस राहिला आहे, तेथील विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात ठळक जागी लावली जाते, 30 दिवस आक्षेपांची वाट पाहिली जाते, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न झाले नाही तर ती रद्द होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. आक्षेप कायद्यात दिलेल्या कारणांवरच घेता येतो: आधीचा जोडीदार हयात असणे, वय पूर्ण नसणे (मुलगा 21, मुलगी 18), संमती देण्याइतकी मानसिक क्षमता नसणे किंवा निषिद्ध नाते. धर्म, जात किंवा घरच्यांची नाराजी हा आक्षेप होऊ शकत नाही. नोटीस देणाऱ्याचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर तिची प्रत त्या जिल्ह्यातही लावण्यासाठी जाते, आणि तालुक्याला गेलेला कोणी ना कोणी ती वाचतो. घरी सांगायचे असेल तर नोटीस देण्याच्या आधी सांगावे, नंतर नाही. जिवाला धोका वाटत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिलेल्या निर्देशांचा आधार घेऊन जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे संरक्षणाचा लेखी अर्ज करावा, आणि त्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.

शेतीवाडी असलेल्या घरात एक गोष्ट आधीच समजून घ्यावी, कारण वकीलही ती पुष्कळदा सांगत नाहीत. हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख व्यक्तीने या कायद्याखाली भिन्न धर्मीयाशी, म्हणजे या चारांबाहेरच्या व्यक्तीशी लग्न केले, तर ती एकत्र कुटुंबातून वेगळी निघाली असे कायदा धरतो, आणि त्या जोडप्याचा वारसा भारतीय वारसा कायदा, 1925 प्रमाणे ठरतो. त्या कायद्यानुसार पत्नी आणि मुले असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश वाटा मिळतो, आणि म्हाताऱ्या आईला काहीही मिळत नाही. हिंदू वारसा कायद्यात हीच आई पहिल्या वर्गातली वारस असते. म्हणून आई-वडील आपल्यावर अवलंबून असतील तर लग्नानंतर पहिल्याच वर्षी दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करून ठेवावे. दोघेही या चार धर्मांतील असतील तर विशेष विवाह कायद्यातील 1976 च्या दुरुस्तीमुळे हा प्रश्न येत नाही.

दावा कोणता आणि श्रद्धा कोणती

संशोधकाला सर्वांत अवघड जाणारी पायरी हीच आहे, कारण ऐकलेले प्रत्येक विधान तपासायचे, अशी आपल्या मनाला सवय लागलेली असते. सासूबाई म्हणाल्या की महाराजांच्या कृपेने पाऊस आला, तर लगेच बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा समजावून सांगावासा वाटतो. मी पहिल्या वर्षी तसे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि नंतर शेजारणीला म्हणाल्या, "सूनबाईले सारं मालूम हाय, फक्त पाऊस आल्याचा आनंद करता येत नाई." तो टोमणा मला लागला, आणि खराही होता. त्या पावसाचे कारण सांगत नव्हत्या, त्या हात जोडत होत्या.

तेव्हापासून मी एक साधी कसोटी लावते. समोरच्याच्या बोलण्यावरून कोणाच्या शरीराला, शेताला किंवा पैशाला काही केले जाणार आहे, किंवा करायचे राहून जाणार आहे का? तसे असेल तर तो दावा झाला. तो तपासायचा आणि त्यावर तडजोड करायची नाही, मग घरात कितीही अबोला झाला तरी चालेल. तसे नसेल तर ती श्रद्धा आहे, आणि तिथे संशोधकाचे काम नाही.

साप चावणे ही गावातल्या घरासाठी या कसोटीची सर्वांत कठोर परीक्षा आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस रुग्णालयात मिळते, पण ती वेळेत टोचली गेली तरच उपयोग होतो, आणि वेळ वाया जातो तो बहुतेकदा झाडफूक करणाऱ्याच्या ओट्यावर. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र किंवा गंडेदोरे यांवर ठेवणे हा गुन्हा मानतो. परंतु प्रत्यक्ष त्या रात्री कायदा सांगून काही होत नाही. काय करायचे ते आधीच ठरलेले असावे लागते. आमच्या घरी चुलीमागच्या भिंतीवर खडूने 108 हा आकडा, गावातल्या दोन गाडीवाल्यांचे फोन आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचे नाव लिहिलेले आहे. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मी सर्वांना बसवून सांगितले की, ज्याला चावेल त्याला हलू द्यायचे नाही, दोरीने आवळायचे नाही, चिरायचे नाही, थेट गाडीत घालायचे. सासूबाईंनी विचारले, "अन् अंगारा?" मी म्हटले, "आई, अंगारा गाडीत बसल्यावर लावा." पुढे सोयाबीन कापताना आमच्या सालगड्याला घोणस चावली, तेव्हा त्या अंगाऱ्याची पुडी घेऊनच गाडीत चढल्या, आणि आमची एक मिनिटही वेळ गेली नाही.

शेतातले दावे इतके निर्दय नसतात, त्यामुळे तिथे तपासणीला थोडी गंमतही येते. अमावस्येच्या अंधारात पतंग जास्त अंडी घालतो, म्हणून फवारणी अमावस्येच्या हिशेबाने करावी, असे सासरे म्हणत. मी नाही म्हटले नाही. मी एकरी दोन या प्रमाणे गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून घेणारे सापळे, लावले, आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, ही आमच्या खात्याची शिफारस त्यांना सांगितली. रोज सकाळी सापळ्याची पिशवी झटकून पतंग मोजायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले, आणि किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर, तिथीच्या खालच्या रिकाम्या जागेत, ते आकडे लिहू लागले. हंगाम संपल्यावर मी म्हटले की एका वर्षाच्या आकड्यांवरून अमावस्येबद्दल होय किंवा नाही काहीच म्हणता येणार नाही. ते म्हणाले की पुढच्या वर्षी बांधापलीकडच्या शेतातही सापळे लावावेत, म्हणजे ताडून पाहता येईल. तुलनेसाठी दुसरे शेत लागते, हे मी त्यांना शिकवले नव्हते.

सण, देवपूजा आणि चार दिवस

सणांच्या बाबतीत नव्या सुनेने किंवा जावयाने सुरुवातीलाच सर्व गोष्टींना नकार देऊ नये, आणि सर्व गोष्टींना होकारही देऊ नये. पहिले वर्ष पाहण्यात घालवावे. पोळ्याला बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात, कपाशीची पहिली वेचणी सुरू करताना बायका पराटीला दहीभात शिंपडून सीतादही करतात, भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढे सोळा भाज्या आणि ज्वारीची आंबील मांडतात. यांतल्या कोणत्या गोष्टीत आपले मन रमते, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. मला सीतादही आवडते, त्यामागे कोणती देवी आहे ते मी विचारत नाही. महालक्ष्म्यांच्या पूजेला मी बसत नाही, आणि पहिल्या वर्षी यावरून घरात दोन दिवस कोणी माझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाई वाटी घेऊन आल्या. "तुले देव नाई पटत तं नको पटू, पन माह्या हातची आंबील तं पिशीन ना?" आता सोळा भाज्या निवडण्याचे काम माझ्याकडे असते.

दसऱ्याला यजमान माझ्या सूक्ष्मदर्शकाला हळद-कुंकू लावतात. नियम एवढाच की पायाच्या लोखंडी भागाला लावायचे, भिंगाला नाही. अक्षता दोन फूट लांब टाकायच्या, कारण तांदळाची कणी फिरत्या भागात गेली की दुरुस्तीसाठी नागपूर गाठावे लागते.

पाळीच्या चार दिवसांच्या विटाळावर मात्र मी जराही ढिलाई देत नाही, आणि नव्या मुलींनीही देऊ नये असे मला वाटते. बाजूला बसणे, वेगळे ताट आणि पाण्याच्या भांड्याला हात न लावणे ही श्रद्धा नव्हे, तो एका बाईच्या शरीराविषयीचा दावा आहे, आणि तो खोटा आहे. इथे पतीने बोलावे, सुनेला एकटीला बोलू देऊ नये. "ती पाणी भरेल" एवढे एक वाक्य मुलाने आईसमोर म्हटले की काम होते. तेच सुनेने दहा वेळा म्हटले तर तिच्या माहेरच्या संस्कारांची चौकशी सुरू होते. गावाची ही तऱ्हा इथे सांगितलीच पाहिजे: पुरुष संशोधक देव मानत नसेल तर "साहेब जरा वेगळे आहेत" म्हणून लोक हसून सोडून देतात, पण बाई मानत नसेल तर तिच्या आईने काय शिकवले असे विचारतात. नास्तिक नवरा आणि श्रद्धाळू बायको अशा घरात, म्हणूनच, नवऱ्याने आपल्याला मिळणाऱ्या सवलतीचा गर्व करू नये आणि बायकोच्या उपवासांची चारचौघांत थट्टा करू नये.

वादाची वेळ आलीच तर बाहेरच्या मोठ्या नावांपेक्षा इथल्याच माणसांचा आधार घ्यावा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगे महाराजांनी आयुष्यभर हातात खराटा घेऊन गावे झाडली, आणि कीर्तनात वऱ्हाडी बोलीतून प्रश्न विचारून विचारून नवसाला बकरे कापणाऱ्यांना निरुत्तर केले. आमच्या भाऊबंदांत कंदोरीचा, म्हणजे नवसाचा बकरा कापून जेवण घालण्याचा, विषय निघाला तेव्हा मी एक शब्दही बोलले नाही. माझ्या पतींनी गाडगेबाबांचे नाव काढले आणि त्या वर्षी बकऱ्याऐवजी भाताची पंगत झाली. पुढच्या वर्षी बकरा पुन्हा कापला गेला, हेही सांगून ठेवते.

पैशाविषयी थोडक्यात: देवळाची वर्गणी, पालखीचा खर्च आणि यात्रा यांसाठी वर्षाची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवावी, आणि त्यानंतर तिचा हिशेब मागू नये.

मुले

मुलांच्या बाबतीत बारसे, जावळ आणि शाळेतला धर्माचा रकाना असे तीन प्रसंग लागोपाठ येतात. बारशाला कोणाचाच विरोध नसतो. जावळ काढायला देवस्थानाला जायचे की घरी न्हावी बोलवायचा, हे मुलाच्या प्रकृतीवर आणि ऊन किती आहे त्यावर ठरवावे. धर्माच्या रकान्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये, कोणालाही धर्म सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि "कोणताही धर्म नाही" असे लिहिण्याचा नागरिकाला अधिकार आहे, असा निर्णय दिलेला आहे. तरीही जातीच्या दाखल्यासाठी पुढे शाळेतल्या नोंदी पाहिल्या जातात, हे लक्षात घेऊन दोघांनी घाई न करता ठरवावे.

मूल "बाबा म्हणतात देव आहे, आई म्हणते नाही, खरं कोण?" असे विचारणारच. माझ्या मुलीने हे सहाव्या वर्षी विचारले. मी सांगितले की या प्रश्नावर आम्हा दोघांचे एकमत नाही, बाबांना विचार. तिच्या बाबांनीही तिला तेच सांगितले. ती काही काळ गुरुवारी उपवास करत होती, नंतर साबुदाण्याची खिचडी आवडत नाही म्हणून तिने तो सोडला.

अखेरचे कागद

घरातल्या मृत्यूच्या वेळी श्रद्धेतला फरक सर्वांत जास्त बोचतो. डार्विन यांची मुलगी ॲनी 1851 च्या एप्रिलमध्ये माल्व्हर्न येथे दहाव्या वर्षी वारली. त्या वेळी ते तिच्याजवळ होते, आणि दिवस भरत आलेली एमा घरी होती. तिच्या मनाला पुनर्भेटीची आशा होती, त्यांच्याजवळ तीही नव्हती. अशा वेळी जोडीदाराच्या सांत्वनात आपले मत मिसळू नये. माझे सासरे गेले तेव्हा मी तेरवीपर्यंतचे सर्व विधी उभे राहून करवून घेतले, कारण तो हिशेब त्यांचा आणि त्यांच्या मुलाचा होता.

स्वतःच्या बाबतीत मात्र लिहून ठेवावे. देहदान करायचे असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे अर्ज भरावा. आमच्या भागातून सेवाग्राम जवळ पडते. अर्ज भरला तरी प्रत्यक्षात देह सोपवायचा की नाही हे त्या दिवशी घरचे लोकच ठरवतात, म्हणून जोडीदाराची सही साक्षीदार म्हणून आधीच घ्यावी. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावे लागते, तेव्हा कोणाला फोन करायचा तो क्रमांक त्याच कागदावर लिहावा. मी अर्ज भरला तेव्हा पतींनी सही करण्याआधी दोन दिवस मागून घेतले, आणि मग तेरवीचे जेवण घालू द्यावे अशी एकच अट घातली. ती मी मान्य केली. अर्जाची एक प्रत घरात सर्वांना सापडेल अशा जागी असावी. आमच्याकडची देवघराखालच्या पत्र्याच्या डब्यात आहे, कारण सातबारा, विम्याचे कागद आणि मुलीची जन्मनोंद तिथेच असते, आणि रात्री-अपरात्री घरातला कोणीही आधी तोच डबा उघडतो.